शेवटचं तिरकं अक्षर

प्रिय भुंग्या,

फोन पोलिसांकडे आहे म्हणून कागदावर लिहितेय, आणि ओठ फाटलाय म्हणून समोर येऊन बोलत नाही. खरं सांगायचं तर हे दोन्ही बहाणे आहेत. समोर आले असते तर पहिल्या वाक्याआधीच तुझ्या कानाखाली आवाज काढला असता आणि बोलायचं राहूनच गेलं असतं. उद्या सकाळी अकराला मला पुन्हा पोलीस चौकीत बोलावलंय. साहेबांना एकच गोष्ट विचारायची आहे, की नावाची अक्षरं पाडणारी ती ‘धडाम’ची फाइल माझ्याशिवाय अजून कुणाकडे आहे. मागच्या वेळी मी म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, आठवून या. मला आठवायला काही कष्ट नाहीत हे तुला माहीत आहे. ती फाइल दोनच माणसांकडे आहे. एक मी. दुसरा शेठच्या थंडगार ऑफिसात दोन स्क्रीन समोर मांडून बसतो आणि अधूनमधून आईला फोन करून जेवलीस का म्हणून विचारतो.

पहिल्यापासून सांगते, कारण हे सगळं तुला कुणी नीट सांगितलं नसणार. तू व्हिडिओ पाठवून मोकळा होतोस, पुढचं बघायला आम्ही असतो. शेठला आमच्या दुकानांची रांग पाडून तिथे उंच इमारत उठवायची आहे, आणि शिंपी, घड्याळजी आणि आपले स्टुडिओवाले काका हे तिघं जागचे हलायला तयार नाहीत, एवढं तर तुला ठाऊक असेलच. आधी शिंप्याच्या फोनवर व्हिडिओ आला. काळा पडदा. त्यावर त्याचं पूर्ण नाव, एकेक अक्षर वरून कोसळतंय, प्रत्येक अक्षर पडलं की पडदा हादरतोय, आणि शेवटी सगळं नाव लाल. खाली बारीक अक्षरांत, जागा सोड. शिंप्याला वाटलं कुणीतरी टवाळ पोराने चेष्टा केली. गिऱ्हाइकांना दाखवून म्हणत होता, बघा, मी हिरो झालो.

मग एका भरदुपारी चौघं आले. मी भिंतीच्या पलीकडे, काकांच्या स्टुडिओत, एका लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीची नावं लावत होते. शटरचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, आज लवकर बंद करतोय वाटतं. मग शटर पुन्हा वाजलं आणि तो ओरडला. भुंग्या, त्यांनी त्याचे दोन्ही हात उंबऱ्यावर दाबून धरले होते आणि वरून शटर सोडत होते. उचलायचं आणि सोडायचं. मी हाताला लागला तो कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घेऊन धावले आणि एकाच्या पाठीत घातला. पाय मोडला, पण ट्रायपॉडचा. त्याने मागे वळून मला एका हाताने असं ढकललं की मी शिलाई मशीनवर जाऊन आदळले. ते निघून गेल्यावर आम्ही शिंप्याचे हात बाहेर काढले तेव्हा ते हात वाटत नव्हते. सुई टोचू नये म्हणून तो बोटात पत्र्याची टोपी घालायचा ना, ती चेपून मांसात शिरली होती. तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, ताई, टेबलावर एका बाईचं ब्लाऊज आहे, ते रक्तापासून बाजूला ठेवा. ज्याने तुझ्या शाळेच्या चड्डीचं उसवलेलं बूड दर महिन्याला फुकट शिवून दिलं, तो हा माणूस. आता त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं उरली आहेत.

दवाखान्यात त्याच्या बायकोने मला तो व्हिडिओ दाखवला. तोपर्यंत मी तो पाहिला नव्हता. ती रडत होती आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोनकडे बघत होते. अक्षरं पडत गेली, पडदा हादरत गेला, आणि शेवटचं अक्षर पडलं ते सरळ बसलं नाही. ओळीपासून केसभर वर आणि जरासं कलतं राहिलं, रस्त्यात उभ्या माणसाने एक पाय उचलून धरावा तसं. मी तेवढंच परत लावून पाहिलं आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं मी शिंप्यासाठी रडतेय. तिने मला पाणी दिलं.

तरी मनाची समजूत घातली. म्हटलं, जगात अशा तयार हालचाली हजारो पडल्या आहेत, कुणीही कुठूनही उचलतं. स्टुडिओत आले, एडिटिंगचं मशीन लावलं, काळ्या पडद्यावर शिंप्याचं नाव टाइप केलं आणि त्यावर ‘धडाम’ टाकलं. मग तो व्हिडिओ वर ठेवला आणि अर्धा पारदर्शक केला. माझं अक्षर आणि त्याचं अक्षर एकावर एक पडत गेलं. शेवटचंसुद्धा. तेवढंच वर, तेवढंच तिरकं. एका फ्रेमचाही फरक नव्हता. मी खुर्चीतून उठले आणि भिंतीवर मूठ आपटली. अजून सुजलेली आहे, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांसारखं येतंय.

तुला ती दुपार आठवते का? मी ‘धडाम’ बनवत होते. अक्षरं पडायला लावण्याचा आकडा शून्यावरून शंभरापर्यंत ओढत न्यायचा होता, आणि शेजारच्या खुर्चीत तू गुणगुणत होतास. सतत घूंऽऽ चालायची, म्हणून तर काकांनी तुला भुंग्या नाव ठेवलं. तुला माझा माउस हवा होता. तू ढोपर मारलंस, माझा हात सुटला, आकडा सत्त्याण्णववर थांबला आणि त्याच झटापटीत फाइल सेव्ह झाली. चालवून पाहिलं तर सगळी अक्षरं शहाण्यासारखी बसली आणि शेवटचं तिरकंच. आपण पोट धरून हसलो. काका म्हणाले, शंभरावर न्या गाढवांनो, काम पुरं करावं. तू म्हणालास, राहू दे ना, ते मी आहे, मला कुठे नीट बसता येतं. म्हणून राहिलं. पुढे किती लग्नं, किती बारशी, किती दुकानांची उद्घाटनं त्या तिरक्या अक्षरावर निघाली, एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही. आपल्याला मात्र दर वेळी दिसायचं. नाव लांबलचक असलं की शेवटचं अक्षर जास्तच कलायचं, आणि तू पडद्याला हात लावून म्हणायचास, बस बाबा, बस. घर सोडून गेलास तेव्हा तुझ्या कपड्यांच्या पिशवीत काय होतं मला माहीत नाही, पण पेन ड्राइव्हमध्ये माझं सगळं फोल्डर होतं. मीच कॉपी करून दिलं होतं. भाऊ नव्या जागी कामाला लागतोय, रिकाम्या हाताने कशाला जायचं म्हणून.

शिंप्यानंतर घड्याळजीला व्हिडिओ आला. या वेळी कुणी हसलं नाही. त्याच्या मुलीने त्याला हातापाया पडून सांगितलं, बाबा, चला इथून. तो म्हणाला, गिऱ्हाइकांची घड्याळं माझ्याकडे आहेत, ती देऊन मग जाऊ. ती देणं झालंच नाही. त्याच चौघांनी त्याची मान पकडून तोंड काचेच्या कपाटात घातलं. एकदा नाही. काच संपेपर्यंत. भिंग लावायचा तो डोळा गेला. मी त्याला रिक्षात घालून नेत होते तेव्हा माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं, आणि त्याच्या केसांतून काचा आणि इवलीइवली चाकं गळत होती. त्या रिक्षात मी पहिल्यांदा तुला शिवी दिली. मोठ्याने. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. घड्याळजीला ऐकू आलं का नाही मला माहीत नाही. आलं असेल तर बरंच झालं.

मग पोलिसांनी आजूबाजूच्या सगळ्या व्हिडिओवाल्यांची मशीनं तपासली. त्यांच्याबरोबर एक कॉम्प्युटरवाला पोरगेला माणूस होता, हुशार निघाला. काकांच्या मशीनवर ‘धडाम’ लावलं, शेवटचं अक्षर पाहिलं आणि साहेबांना हाक मारली. साहेबांना यातलं काही कळत नव्हतं म्हणून मला समजावून सांगावं लागलं. म्हटलं, प्रीसेट म्हणजे आयती हालचाल. एकदा कुणीतरी बसून ती ठरवतो, कुठून पडायचं, किती आदळायचं, कधी लाल व्हायचं, आणि जपून ठेवतो. नंतर वापरणाऱ्याने फक्त नाव बदलायचं. बाकीचं आपोआप होतं. साहेब विचारात पडले आणि म्हणाले, म्हणजे वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही? मी म्हटलं, नाही. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय.

व्हिडिओ आमच्या मशीनवरच्या फाइलमधून निघालाय ही बातमी चौकीतून गल्लीत यायला किती वेळ लागणार? घड्याळजीच्या बायकोने मला भर रस्त्यात गाठलं. आधी चप्पल, मग नखं, मग माझे केस धरून डोकं विजेच्या खांबावर. म्हणत होती, शेजारी बसून चहा प्यायलीस आमचा, आणि नाव लिहून दिलंस त्यांना? लोक उभे राहून बघत होते. शिंप्याची बायकोही होती, तिने मला पाणी दिलं होतं ना, ती मान फिरवून निघून गेली. मी हात उचलला नाही. मला मारताच येत नाही असं नाही, ट्रायपॉडचं तू वर वाचलंसच. पण तिला काय सांगणार होते? मी नाही, माझा भाऊ आहे? तोंडाला कुलूप लावून मार खाल्ला. घरी आईला सांगितलं, जिन्यावरून पडले. आईने माझा गाल उजेडात धरला आणि म्हणाली, जिन्याला नखं असतात का गं? मग हळद लावत बसली. तिला सगळं कळलंय असं मला वाटतं. तुझा फोन आला की हल्ली ती मोबाइल उपडा ठेवते.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. मी कुणाला बोट लावलं नाही. मला नाव येतं, मी ते टाकतो, मला काय माहीत पुढे कोण काय करतं, नोकरी आहे. तू असा नामानिराळा राहशील हे मी गृहीतच धरलंय. आणि मी तुला सांगते, गेले कित्येक दिवस मी स्वतःच तुझा वकील झाले होते. जिने उतरताना, भांडी घासताना, मार खातानासुद्धा. पोराला कळलंच नसेल. पोराला धमकावलं असेल. पोर आयती हालचाल लावतं, नाव बदलतं आणि घरी जातं. याच वकिलीवर मी साहेबांना म्हटलं की आठवत नाही. तुला पाठीशी घालायची मला सवयच आहे. तुलाही होती, हे विसरले नाही मी. आपल्या जुन्या घराशेजारचा तो पैलवान, ज्याने माझा हात पिरगाळून मला भिंतीला दाबलं होतं, त्याच्या दंडाला तू चावला होतास. तू त्याच्या कमरेएवढा. त्याने तुला झटकलं, बुक्के घातले, तुझ्या नाकातून रक्ताची धार लागली, पण तो माझा हात सोडेपर्यंत तू दातांची पकड सोडली नाहीस. त्या पोराला मी कशी चौकीत नेऊन उभा करणार होते?

परवा काकांना व्हिडिओ आला.

काकांनी तो माझ्यासमोरच उघडला. ज्यांनी तुला माउस धरायला शिकवलं, शाळेतून पळून आलास की मागच्या खोलीत लपवलं, स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं, त्यांचं पूर्ण नाव काळ्या पडद्यावर कोसळत होतं. ते नाव टाइप करताना तुझी बोटं अडखळली का रे? काकांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग चष्मा वर केला आणि परत पाहिलं. आणि भुंग्या, ते हसले. म्हणाले, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतोय शंभरावर ने म्हणून, आज नेलंन बघ लबाडाने.

मी फोन हिसकावून घेतला. शेवटचं अक्षर सरळ होतं. काकांचं नाव एवढं लांब, ते सगळ्यांत जास्त कलायला हवं होतं, आणि ते ओळीत इमानदारीने बसलं होतं. म्हणजे तुला कळलंय की त्या अक्षरावरून पोलीस माग काढतायत. तू फाइल उघडलीस, आत शिरलास, सत्त्याण्णवचा आकडा शोधलास आणि शंभर केलास. शिंपी आणि घड्याळजीच्या वेळी आपोआप झालं, असं मी मानायला तयार होते. पण काकांच्या वेळी तू बसून हात चालवलास. काय चाललंय हे माहीत असलेला माणूसच ते करतो. माझी वकिली तिथे संपली. मी मागच्या खोलीत गेले, जिथे तू लपायचास, आणि तुझी ती मोडकी फिरती खुर्ची उचलून जमिनीवर आपटली. तुकडे होईपर्यंत आपटली. काका दारात उभे राहून बघत होते.

एक गोष्ट मला अजून उलगडत नाही आणि तीच मला जास्त जाळतेय. ते अक्षर सरळ केलंस ते स्वतःला वाचवायला, का मला? माझ्या मशीनवरून माग निघालाय, ताई अडकेल, म्हणून केलंस का? तसं असेल तर तुझ्यात तो चावरा पोरगा अजून आहे. पण मग त्याच हाताने वर काकांचं नाव आहे, त्याचं काय करू? माझी काळजी वाटली तर अक्षर सरळ करायचं नसतं रे. नाव पुसायचं असतं.

काका जागा सोडणार नाहीत. मी पाया पडले, भांडले, शिव्या दिल्या. रोज सकाळी शटर वर करतात आणि कामाला बसतात. पोलिसांना तुझं नाव त्यांनी सांगितलं नाही. मला म्हणाले, बहीण तू आहेस, तू ठरव, मी तोंड उघडणार नाही. व्हिडिओ आल्यावर चौघं यायला किती वेळ लागतो हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. शेठचं नाव घेणारा साक्षीदार नसेल तर त्या चौघांना कुणी हात लावणार नाही, असं साहेबांनी मला स्पष्ट सांगितलंय. माझ्याकडे शेठ नाही, फक्त तू आहेस. शेठपर्यंत जाणारा रस्ता तुझ्या खुर्चीवरून जातो.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही आणि तुला सावध करायलाही नाही, पळून जायचं असेल तर जा, पण काय होणार ते ऐकून जा. उद्या अकराला मी तुझं नाव घेणार आहे. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, माझ्या फुटक्या ओठांनी, सगळ्यांसमोर. तू शिंप्याला, घड्याळजीला, काकांना काळ्या पडद्यामागून सांगितलंस. मी तुला माझ्या अक्षरात सांगतेय आणि खाली सही करतेय. हे पत्र आता स्वतः तुझ्या दाराखालून सरकवणार आहे, पण दार वाजवणार नाही, कारण तू उघडलंस आणि ताई म्हणालास तर माझं काही खरं नाही. मी दहालाच चौकीच्या फाटकाशी येऊन उभी राहीन. काका म्हणतात, तेही येतील. तू आलास तर आत तू आधी जा आणि स्वतःचं नाव स्वतः सांग, शेठचंही सांग, मी तुझ्या मागे उभी राहीन, आणि बाहेर तुला मारायला जे कुणी टपलेले असतील त्यांनी आधी मला मारावं. नाही आलास तरी मी आत जाणारच आहे. दुखेल तुला. तू मला झटकशील, शिव्या देशील, आयुष्यभर तोंड बघणार नाहीस. पण पैलवानाच्या दंडाला चावताना तू मला दाखवलं होतंस तसंच करणार आहे मी. त्या चौघांचे हात काकांपासून सुटेपर्यंत दातांची पकड सोडणार नाही.

तुझीच,
ताई